नऊ लाखांचे आप्पा

माझे आप्पा कागदावर वर्षाला नऊ लाख चाळीस हजार कमावतात. प्रत्यक्षात भिगवणची मासळी पुण्याला पोचवून, डिझेल आणि हप्ता जाऊन जे उरतं, त्यात निरवांगीतलं आमचं घर जेमतेम चालतं. गेल्या वर्षी पिकअप गाडीच्या कर्जाच्या वेळी एजंट म्हणाला, "माऊलीशेठ, इन्कमटॅक्सच्या रिटर्नमधी आकडा दांडगा टाकू, फाईल एका दिवसात पास." आयुष्यात पहिल्यांदा कुणी शेठ म्हटलं, आणि आमचे आप्पा हरभऱ्याच्या झाडावर चढले. वर तो आकडा त्यांनी सगळ्या भावकीत सांगितला.

यंदा बारामतीच्या फार्मसी कॉलेजात माझा नंबर लागला. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला जोडला की मुलींना फी माफ, नाहीतर वर्षाला लाखभर. दुसरं कर्ज मिळत नाही, कारण पहिलंच डोक्यावर आहे. दाखला जोडायची आज शेवटची तारीख. सकाळी गाडीत मी आप्पांना एवढंच म्हणाले, "तुमी करून ठेवलंय, तुमीच निस्तरा." आठवडाभरात मी त्यांच्याशी बोललेलं हे एकमेव वाक्य.

इंदापूरच्या तहसील कचेरीत मोहनराव क्लार्कनी रिटर्न पाहिलं आणि हसले. "नऊ लाखवाले तुमी. माफी कशापायी मागताय?"

"सायेब, ते खरं न्हाय," आप्पा म्हणाले. "बँकेसाठी टाकलं हुतं." भावकीत मोठ्यानं सांगणारा माणूस इतक्या हळू बोलत होता, की मोहनरावांनी दोनदा विचारलं.

मोहनराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "मग तसं लिवून द्या. रिटर्नमधला आकडा खोटा, खरं उत्पन्न एवढं एवढं. खाली सही. मी आजच वर पाठवून दाखला काढून देतो. पण उद्या ह्यो कागद बँकेच्या हाती पडला आन् त्यांनी गाडी उचलली, तर माझ्याकडं येऊ नका."

आप्पांनी माझ्याकडं पेन मागितलं. मी दिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. भोगू देत, असं वाटलं.

ते वाकून लिहायला लागले. नाव, गाव, मग दोन ओळी. कपाळावर घाम, ओठ पुटपुटत होते. गाडी गेली तर हा माणूस काय करणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. घरातली चूल त्या गाडीवर. बारामतीतली खोली, मेस, पुस्तकं, सगळं त्या गाडीवरच. फी माफ होऊन मी तिथं खाणार काय?

ते सहीला आले, तशी मी कागदावर हात ठेवला.

"आप्पा, नका."

"आगं, खरंच लिवलंय. तुझं शिक्षण..."

"उठा. भिगवणला मासळी भरायची हाय ना तुमाला?"

"आन् कालिज?"

मी कागद काढून घेतला आणि फाडला. मोहनरावांनी पुढच्या माणसाला हाक मारली. आप्पा दारापर्यंत माझ्या मागून आले, पुढं व्हायचं धाडस त्यांना होईना.

आठवडाभर मला एक आधार होता, की माझं वाटोळं त्यांनी केलं. आता सीट मी माझ्या हातानं सोडली होती, आणि रागवायला आप्पासुद्धा उरले नव्हते.