मी डेको, छावणीतला शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझे नाव डेको. लोक मला हलका म्हणतात, बाजारू म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म इथल्याच ‘देखो’च्या पोटी झाला. छावणीतल्या गोऱ्या शिपायांनी जीभ वाकवून त्याचा डेको केला आणि मला बोटीत घालून विलायतेला नेले. डेको घेणे म्हणजे नजर टाकणे. बराकीत मला मोठा मान होता, पण साहेबाच्या दिवाणखान्यात मला कोणी उभे करत नसे.

लढाई संपली आणि लष्करातला ड्रायव्हर पीरमहंमद मला घेऊन जुन्नरला परतला. बाजारगल्लीत त्याने बत्त्या दुरुस्तीचे दुकान टाकले. दुसऱ्याच्या सांगण्यावरून वळण घेऊ नये, आपण उतरून डेको घ्यावा, हे तो लेकीला, अनवरीला, उठताबसता शिकवी. शेजारचे गुरुजी नाक मुरडत. इंग्रज गेला, त्याचे उष्टे कशाला चघळता, असे म्हणत. उष्टा म्हणे! मी तर माझ्याच घरी आलो होतो.

एकदा मंचरची जोहराबी आपल्या मुलासाठी, नवाबसाठी, अनवरीला पाहायला आली. बायकांनी तिचे केस सोडून पाहिले, तिला चालवून पाहिले. मुलगी पसंत पडली, साखरेची वाटी पुढे आली. मुलीला नवरा दिसायचा तो निकाह झाल्यावर, आरशात.

तेवढ्यात पडद्याआडून अनवरी म्हणाली, “अब्बा, त्यांनी माझा डेको घेतला. आता मी त्यांच्या पोराचा घेनार. मगच हो म्हना.”

तिची आई ताजबी हादरली. जोहराबी उठून उभी राहिली. आमच्यात पोरी पोराला बघत न्हाईत, म्हणाली. पीरमहंमदचा चेहरा उतरला. लेकीला गप्प केले असते तर सोयरीक वाचली असती, पण मी खोटा ठरलो असतो. त्याने साखरेची वाटी झाकली.

“कुनाच्या सांगन्यावरनं मी वळनावर गाडी घातली न्हाई,” तो म्हणाला. “माझी पोर बी घालायची न्हाई.”

जोहराबी चहा न घेताच निघून गेली. ताजबी दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या आठवडेबाजारी नवाब एकटाच दुकानात आला. दुरुस्तीला म्हणून आणलेली बत्ती चांगली चालू होती. अनवरीने पडदा सारला आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिले. मान खाली घातली ती त्याने.

“बरा हाये,” ती आईला म्हणाली.

मित्रांनो, गुरुजी मला अजून दारात उभे करत नाहीत. न करोत. तुम्हालाही मला टाकायचे असेल तर खुशाल टाका. पण कुणाच्या सांगण्यावरून नको. आधी स्वतः एक डेको घ्या.