तपासले, बरोबर आढळले

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकसाहेबांच्या बॅगेत तीन वस्तू कायम असत: पितळी वजनांची पेटी, केसाची जाडी मोजणारा कॅलिपर आणि ‘तपासले, बरोबर आढळले’ असा रबरी शिक्का. या तिघांवर त्यांचा जेवढा विश्वास होता, तेवढा जगात आणखी कोणावर नव्हता. बायकोवर होता, पण तिला शिक्का मारता येत नाही.

एकदा एका धान्यवाल्याच्या दुकानात वजन म्हणून वापरला जाणारा गुळगुळीत दगड त्यांच्या हाती लागला. “साहेब, आजोबांपासून हाच आहे. आजवर एक गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं नाही,” धान्यवाला म्हणाला. साहेबांनी दगड तराजूत टाकला, समोर पितळी वजन ठेवलं, दगड हलका भरला. तो जप्त करताना ते म्हणाले, “गिऱ्हाइकाचं समाधान म्हणजे वजन नव्हे.” हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढे वर्षभर जेवताना ते घरात वाढलं जाई. दगड त्यांनी ऑफिसातल्या टेबलावर कागद दाबायला ठेवला.

साहेबांची पत्नी एका रोपवाटिकेत कलमं बांधायची. काम करताना शीळ घालायची, म्हणून तिथे सगळे तिला बुलबुल म्हणत. शीळ चढी असली की कलमं जगली, खालच्या पट्टीत असली की मुकादम ओरडला, एवढं साहेबांना संध्याकाळी घराच्या गेटापासूनच कळे.

एके दिवशी बुलबुलच्या गुडघ्यामागे तांबडं वळं उठलं. मध्ये फिकट, कडेला लाल, अगदी नेमबाजीच्या फळ्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी एकदा पाहिलं आणि विचारलं, “गवतात काम करता ना? गोचीड चावलीय. याला लाइमचा आजार म्हणतात. दोन आठवडे अँटिबायोटिक, सकाळ-संध्याकाळ. एकही गोळी चुकवायची नाही.”

दुसऱ्याच दिवशी बुलबुलच्या पोटात ढवळायला लागलं. नेमका तेव्हाच साहेबांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताईंनी आयुष्यात औषधाच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, त्यामुळे औषधांविषयी त्यांची मतं पक्की होती. “अरे, त्या गोळ्यांनी आतडी करपतात. मी सांगते त्या मुळ्या उकळ. निसर्गातलं आहे, अपाय नाही.”

“गोचीडसुद्धा निसर्गातलीच आहे हो,” बुलबुल म्हणाली. पण पोट ढवळत होतं, नवरा हातात पेला घेऊन उभा होता, आणि नवरा वजनमापे खात्यात होता. तिने काढा प्यायला. “तुमच्या हेडक्लार्कसारखा आहे. कडू, आणि घशाखाली उतरायला तयार नाही.” गोळ्यांची पट्टी कपाटाच्या खणात गेली.

आता साहेब काही अडाणी नव्हते. नुसत्या विश्वासावर बसणारा माणूसच नव्हे तो! त्यांनी कॅलिपर काढला. रोज सकाळी सात वाजता बुलबुलला स्टुलावर उभं करून त्यांनी वळ्याचा व्यास मोजला. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात व्यास, तिसऱ्यात काढ्याचं माप. वळं आधी वाढलं, मग थांबलं, मग फिकटलं, आणि तेविसाव्या दिवशी कॅलिपरला धरायला काही उरलंच नाही. साहेबांनी सुंदर अक्षरात तक्ता उतरवला, खाली सही केली, आणि हात शिवशिवत होता म्हणून शिक्काही मारला. तक्त्याच्या प्रती सार्वजनिक बागेतल्या फलकावर लागल्या, रोपवाटिकेच्या फाटकावर लागल्या. सकाळी फिरायला येणारी मंडळी साहेबांना थांबवून काढ्याची कृती विचारू लागली. साहेब सांगताना डोळे किंचित मिटत.

महिनाभराने, एका सकाळी, बुलबुलने आरशासमोर केस विंचरताना शीळ घालायला ओठांचा चंबू केला आणि नुसती हवा आली.

साहेब दाढी करत होते. त्यांना वाटलं, गंमत करतेय. ती वळली तेव्हा तिचा उजवा गाल लोंबत होता. उजवा डोळा मिटत नव्हता. ती चहा प्यायला गेली, तर तो ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून पदरावर पडला. तिने तो पुसला आणि नवऱ्याकडे बघितलं. साहेबांच्या अर्ध्या गालावरचा साबण तसाच वाळला.

दवाखान्यात जाताना साहेबांनी तक्ता बरोबर घेतला. कशाला घेतला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी बुलबुलला तपासलं, गोळ्यांची विचारपूस केली, मग तक्ता हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. शिक्क्यापाशी त्या जरा जास्त थांबल्या.

“अक्षर छान आहे,” त्या म्हणाल्या. “साहेब, तुमच्या तराजूला पारडी किती असतात?”

“दोन.”

“या तक्त्यात दुसऱ्या पारड्यात काय आहे?”

साहेब तक्त्यातले रकाने बोटाने मोजू लागले.

“काढ्यानं वळं तेवीस दिवसांत गेलं, म्हणता. काढा न घेता किती दिवसांत जातं, ते पाहिलंत?”

“नाही.”

“तेवढ्याच दिवसांत जातं, थोडं मागेपुढे. ते आपोआपच जातं. काही घेतलं नाही तरी. वळं गेलं म्हणून जंतू गेले असं नाही, ते रक्तातून पुढे सरकलेले असतात. कुणाच्या सांध्यात, कुणाच्या हृदयात. यांच्या चेहऱ्याच्या नसेत गेले.”

“म्हणजे वनस्पती सगळ्या थोतांड?” साहेबांनी विचारलं. आवाज निरीक्षकाचा राहिला नव्हता.

“मी कुठे म्हटलं? काही मुळ्यांच्या अर्कानं काचेच्या तबकडीत हे जंतू मेलेले दिसलेत. पण तबकडीला ना पोट असतं ना रक्त. माणसांवर नीट ताडून बघितलेलं अजून काही नाही, गोळ्यांचं आहे. ज्या दिवशी काढाही तसाच ताडून खरा उतरेल, त्या दिवशी मीच लिहून देईन. आणि पोट ढवळत होतं तर मला सांगायचं. जेवणाबरोबर घ्यायला सांगितलं असतं. तेवढ्यानं भागलं असतं.”

तेवढ्यानं भागलं असतं!

तेव्हा बुलबुल बोलली. ओठ जुळत नव्हते, ‘म’ आणि ‘प’ जागच्या जागी विरघळत होते, पण वाक्य वर्षभर ऐकलेलं असल्यामुळे साहेबांना एक अक्षर कमी पडलं नाही. “साधान... हणजे... वजन नव्हे.”

ती रागावलेली नव्हती, आणि साहेबांना तेच सहन झालं नाही. मग ती सावकाश म्हणाली, “आमच्या रोपवाटिकेतल्या रखवालदारदादांनाही वळं आलंय. फाटकावरचा तक्ता बघून त्यांनी गोळ्या सोडल्यात. आधी तिकडे जा.”

रोपवाटिकेच्या फाटकालगत रखवालदाराची खोली होती. साहेबांना बघताच तो लगबगीने उठला, खुर्ची पुसली. कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवलेला होता, शिक्का ठळक दिसेल असा.

“या, या साहेब! तुमच्यासारखं बारीक नाही जमत, पण मीपण मोजतो.” त्याने खिशातून सुतळी काढली. तिला गाठी मारलेल्या होत्या. “दोन गाठींमधलं अंतर म्हणजे एका दिवसाचं वळं. बघा, कशा जवळजवळ येत चालल्यात. निम्मं गेलं.”

साहेबांनी ती सुतळी हातात घेतली. इतकं प्रामाणिक माप त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. “दादा,” ते म्हणाले, “हा तक्ता चुकीचा आहे. वळं आपोआप जातं. आजार आत राहतो. बुलबुलचं तोंड वाकडं झालंय.”

“पण यावर शिक्का आहे की.”

“शिक्का माझाच आहे. मी तपासलं नव्हतं.”

रखवालदाराने शिक्क्यावर बोट ठेवलं. मग अगदी साधेपणाने म्हणाला, “मग मी काय तपासायचं साहेब? मी तर शिक्काच तपासला.”

पंचवीस वर्षं लोकांच्या माना खाली घालायला लावणाऱ्या माणसाची मान त्या खोलीत अशी खाली गेली, की कपाटावरचा तक्ता त्यांनी चाचपूनच फाडला. मग रखवालदाराला स्कूटरवर मागे बसवून ते दवाखान्यात घेऊन गेले.

रखवालदार गोळ्यांनी वेळेत बरा झाला. बुलबुलनेही गोळ्या पुऱ्या घेतल्या, तिच्या गालाला मात्र वेळ लागला. बागेतल्या फलकावर आणि रोपवाटिकेच्या फाटकावर साहेबांनी स्वतः नवा कागद लावला: ‘माझा तक्ता रद्द. गोळ्या सोडू नका, डॉक्टरांना विचारा.’ फिरायला येणारी मंडळी तो वाचत आणि साहेब दिसले की घाईघाईने झाडांची तारीफ करू लागत. साहेब तरीही रोज त्याच वाटेने जात. धान्यवाल्याचा दगड त्यांनी ऑफिसातून घरी आणला आणि स्वतःच्या शिक्क्यावर ठेवला.

दोन महिन्यांनी घराच्या गेटापाशी पोचताना त्यांना शीळ ऐकू आली. बेसूर, मध्येच हवा निसटणारी. साहेब तिथेच थांबले. बुलबुलने खिडकीतून विचारलं, “कशी आहे? तपासा की.”

“मला नाही तपासता येत,” साहेब म्हणाले. “डॉक्टरीणबाईंना ऐकवू.”

मंडळी, आपल्या सगळ्यांच्या खिशात असा एक शिक्का असतो. कुणाच्या शिक्क्यावर हुद्दा असतो, कुणाच्या पदवी, कुणाच्या नुसतं वय. मुळी असो वा गोळी, दुसरं पारडं भरून ताडल्याशिवाय तो उठवू नका. स्वतःला बरं वाटलं, एवढ्यावर दुसऱ्याच्या हातातलं औषध तर मुळीच सोडवू नका. आपली चूक आपण कदाचित निस्तरू. पण आपल्या भरवशावर कुणीतरी कुठेतरी सुतळीला गाठी मारत बसलेलं असतं.