राजा तंबूत शिरला

संध्याकाळ झाली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं ते पांढरं यंत्र पुन्हा गायला लागलं. आधी पाळण्यावरच्या खेळण्यातून यावी तशी एक धून, मग कुणा बाईचा अदबशीर आवाज, "ओफुरो गा वाकिमाशिता."

"झालं बघा त्याचं पाणी," सुप्रभाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, कपाटातला निळा टॉवेल काढला आणि न्हाणीघराच्या दाराला अडकवून आल्या. पाण्याची वाफ बाहेरच्या खोलीपर्यंत आली. फडताळावर पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा कलश होता, त्याच्याकडे हेमचंद्र बघत राहिले.

पहिल्या दिवशी हा आवाज आला तेव्हा दोघंही दचकून उभे राहिले होते. मिताली सोबत होती. त्यांच्या मुलाच्या, अद्वैतच्याच संशोधन संस्थेत होती ती, मूळची कोथरूडची. जपानमधल्या या परक्या गावात, त्सुकुबात, त्यांचे कान आणि जीभ तीच झाली होती. "अंघोळीचं पाणी तयार आहे म्हणतंय, काकू," ती म्हणाली. "अद्वैत यायच्या वेळेला टब भरून ठेवायचं हे. पण..." तिने भिंतीवरची बटणं निरखली. "माझ्याकडच्या मशीनला रोज नव्यानं सांगावं लागतं. याला त्यानं काहीतरी सेटिंग केलं असेल. बंद करू का?"

"नको गं बाई," सुप्रभाबाई म्हणाल्या. "राहू दे."

तेव्हापासून त्या रोज रात्रीचं ते निवलेलं पाणी सकाळी सोडून देत आणि टबाचं बूच पुन्हा नीट बसवून ठेवत. सहा वर्षांत पोरगा अगदी जपानी झाला होता, अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसत नसे. त्या संध्याकाळीही तो सायकलवरून घरी अंघोळीलाच निघाला होता. घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर एका म्हाताऱ्याच्या मोटारीने त्याला उडवलं. टब तेव्हा भरून तयार होता.

त्या आवाजापाठोपाठ दाराची घंटा वाजली. ही तर रोजचीच होती. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर आधी त्या मोटारवाल्या म्हाताऱ्याचा सुरकुतलेला चेहरा आला, मग चेहरा खाली गेला आणि पडदाभर नुसतं टक्कल उरलं. म्हातारा कमरेत वाकला की वाकूनच राही. पडद्यातून पुटपुटल्याचा आवाज येई, रोज तेच माफीचे शब्द. मग टक्कल नाहीसं व्हायचं आणि दाराबाहेर कागदी पिशवीत त्याच्या झाडाची पर्सिमनची नारिंगी फळं उरायची. मिताली ती गुपचूप उचलून न्यायची.

"अहो, आज तरी उघडा," सुप्रभाबाई म्हणाल्या. "रोज येतोय बिचारा."

"बिचारा? तुला बिचारा दिसतो तो?"

"मला काही दिसत नाही हो आता. पण म्हातारा माणूस आहे."

हेमचंद्रांनी पडद्याकडे पाठ केली. आयुष्यभर विमा कचेरीत कारकुनी केलेला हा माणूस कधी कुणाशी भांडला नव्हता. पुण्यात राहून रिक्षावाल्याशीही भांडला नव्हता, म्हणजे बघा. पण या एका माणसासाठी त्यांनी पोटात जो राग साठवला होता, त्याची त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती. पोलिसांचं काय ते चालू होतं. त्यात त्यांना रस नव्हता. दार उघडायचं नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं आणि तेवढं ते करत होते.

कारकुनीशिवाय त्यांना एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे गोष्ट सांगणं. अद्वैत लहान असताना रोज झोपताना त्याला ट्रॉयचं युद्ध लागायचं. नावं त्याच्या जिभेवर बसत नसत, म्हणून हेमचंद्रांनी नावंच काढून टाकली होती. उरले होते ट्रॉयचा म्हातारा राजा, त्याचा थोरला मुलगा आणि समुद्रापलीकडून आलेला तो बलदंड ग्रीक. हेमचंद्र तट उभे करत, जहाजं आणत, रथ पळवत. त्या ग्रीकाने थोरल्या मुलाला मारलं आणि प्रेत रथाला बांधून तटाभोवती फरफटत नेलं, इथवर रंगात येत. मग दिवा मालवत.

"मग राजाला त्याचा मुलगा परत मिळाला का, बाबा?"

"उद्या सांगतो."

तो उद्या कधी आला नाही. पुढचं त्यांना ठाऊक होतं. म्हातारा राजा एकटाच शत्रूच्या तंबूत जातो, गुडघे टेकतो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्या हातांचं चुंबन घेतो. हे त्यांच्या घशाखाली उतरत नसे. असा कसा बाप? पुढे अद्वैत मोठा झाला, स्वतः वाचूनही झालं असेल त्याचं, पण परवापरवापर्यंत फोनवर चिडवायचा, "बाबा, राजा अजून तटावरच उभा आहे हो. काहीतरी करा त्याचं."

दहाव्याचा दिवस उजाडला. मिताली त्यांना आधी साकुरा नदीवर घेऊन गेली. पुण्याहून गुरुजी फोनच्या पडद्यावर आले, त्यांनी सांगितलं तसं तीळ, दर्भ, पाणी सगळं झालं. दक्षिणेकडे तोंड करून बापाने मुलाचा पिंड ठेवला. पण नदीवर नुसते बगळे. कावळा म्हणून औषधाला नव्हता.

"घराजवळच्या कोपऱ्यावर आहेत की," सुप्रभाबाई म्हणाल्या. "कचरा टाकतात तिथं. रोज सकाळी नुसता कल्ला असतो."

"काकू, तो तर..." मिताली अडखळली. तो तोच कोपरा होता. शिवाय आज जाळायचा कचरा नेण्याचा वार होता आणि त्सुकुबात कचऱ्याच्या जागी भाताचे गोळे मांडून बसणं म्हणजे शेजाऱ्यांनी चांगली हजेरी घ्यावी असाच प्रकार. पण त्या माउलीपुढे नियम सांगणार कोण?

कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्या जाळीखाली रांगेने निजल्या होत्या. तिथून चार हात अंतरावर, झाडाच्या बुंध्याशी, हेमचंद्रांनी पिंड ठेवला. बाजूला दही-भात. मग तिघं रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. वर तारेवर कावळे होते. एरवी पिशवीच्या एका गाठीसाठी एकमेकांचे डोळे फोडणारे ते पक्षी एकाएकी गप्प झाले. एकही हलेना. त्या पिंडाकडेही कुणी बघत नव्हतं. ते या तिघांकडे बघत होते.

"हे आपले कावळे नव्हेत," सुप्रभाबाई हळूच म्हणाल्या. "मानेला राखाडी रंग कुठाय? केवढाली चोच ती. यांना काय कळणार आपलं?"

"कळतं. कावळ्याला सगळं कळतं," हेमचंद्र म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. सुप्रभाबाईंनी हात जोडले. "अद्वैत, तुझं अर्धं राहिलेलं काम मिताली पुरं करेल रे. करशील ना गं?" मितालीने मान हलवली. कावळे ढिम्म. "तुझ्या आईला मी सांभाळेन," हेमचंद्र म्हणाले. "तुझ्या अस्थी नाशिकला नेईन." कावळे ढिम्म. वारा पडला होता. कुठेतरी एक सायकलची घंटा वाजली आणि तिघांनीही वळून पाहिलं. रस्त्यावर सायकल नव्हती.

"काका, गुरुजी म्हणतायत, नसेल शिवत तर दर्भाचा कावळा करून..."

"नाही," सुप्रभाबाई म्हणाल्या. "माझा मुलगा खोट्या कावळ्यानं जायचा नाही."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून तो म्हातारा बाहेर आला. हेमचंद्रांनी टकलावरून ओळखलं. या आठवड्यात कचऱ्याच्या जागेची देखरेख त्याच्याकडे असावी, हातात तसलीच एक पिवळी जाळी होती. तो झाडापाशी थबकला. खाली बघितलं, बराच वेळ बघितलं. हात जोडून वाकला. आणि मग त्याने ती जाळी उलगडली, पिंडावर अलगद पसरली आणि कडांवर एकेक दगड ठेवू लागला.

हेमचंद्र रस्ता ओलांडून कधी पोहोचले, ते त्यांनाही कळलं नाही. "काढ ते!" ते ओरडले. "मारलंस तेवढं पुरे नाही का? आता जाऊही द्यायचं नाही त्याला?" त्यांनी जाळीचं एक टोक हिसकलं. दुसरं टोक म्हाताऱ्याने घट्ट धरलं, मान हलवत, वर कावळ्यांकडे बोट दाखवत.

मिताली धावत आली. "काका, थांबा! या आजोबांना, इइमुरा-सानना, माहीत नाहीये. इकडे कबरीवर ठेवलेलं कावळे विस्कटून टाकतात. अद्वैतचं खाणं कावळे नेतील म्हणून झाकतायत ते. राखतायत, काका."

हेमचंद्र थांबले. जाळीचं टोक हातात तसंच होतं. समोर म्हाताऱ्याचे हात होते, डागाळलेले, फुगीर शिरांचे. वयाने त्यांच्याच हातांचे भाऊ. या हातांनी चाक धरलं होतं. हेच हात आता त्यांच्या मुलाच्या घासावर दगड ठेवत होते, कुणी नेऊ नये म्हणून. आणि तो रोजचेच शब्द पुटपुटत होता, पण आज मध्ये पडदा नव्हता.

हेमचंद्र गुडघ्यांवर बसले. गुडघे दुखले. "अद्वैत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज गोष्ट सांगायच्या जागेवर आला. "मग राजा तटावरून उतरला. एकटाच. रात्रीतून शत्रूच्या छावणीत गेला. तंबूत शिरला." त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. ते गार होते. "आणि राजानं त्याचे हात धरले, बाळा. हे असे. माफ केलं म्हणून नव्हे. मुलगा परत हवा होता म्हणून." त्यांनी त्या हातांवर कपाळ टेकलं. "दोघंही रडले. आपापल्या माणसांसाठी रडले. आणि मग राजाला त्याचा मुलगा मिळाला. संपली गोष्ट."

इइमुरा-सानला एक अक्षर कळलं नाही. तो जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मितालीने त्याला जपानीत काहीतरी समजावलं. त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि घाईघाईने दगड काढायला लागला. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून जाळी उचलली.

ते मागे सरकले नव्हते, तरी कावळा आला. एकच, सगळ्यांत मोठा. दोन माणसांच्या मधून चालत आला, पिंडात चोच घातली, मान तिरकी करून हेमचंद्रांकडे पाहिलं आणि उडाला. सुप्रभाबाईंच्या तोंडून रस्त्यापलीकडे नुसतं "अगं बाई" एवढंच आलं.

संध्याकाळी घरात वरणभात झाला. इइमुरा-सान आला, या वेळी दार उघडलं, तो दोन घास खाऊन गेला. फळं आत आली. सुप्रभाबाईंनी निळा टॉवेल काढून दाराला अडकवला आणि दोघं स्वयंपाकघरात बसली.

बाहेर काळोख पडला. भिंतीवरचं यंत्र गप्प होतं. त्याचा हिरवा दिवा नेहमीसारखाच लागलेला होता.

"तू बंद केलंस?" हेमचंद्रांनी विचारलं.

"मी? मला त्यातलं काय कळतंय?" त्या उठल्या, न्हाणीघरात गेल्या. टबाचं बूच त्यांनीच सकाळी बसवलं होतं, ते जागच्या जागी होतं. त्यांनी वाकून तळाला हात लावून पाहिला. टब कोरडा होता, गार होता.

"अहो," त्या आतूनच म्हणाल्या, "आज तो यायचा नाही हो."

हेमचंद्र दारापर्यंत गेले. टॉवेल काढला, घडी घातली. मग ती घडी कुठे ठेवायची हे न सुचून, छातीशी धरून उभे राहिले.