बटाट्याचा मधुमेह

सूतबाबा गिरणीच्या मागच्या फाटकातून पळाले. पण तसं काही घडलंच नाही असं कलाकेंद्राचं म्हणणं आहे, तेव्हा आपणही ते विसरू आणि गर्दीपासून सुरुवात करू.

चौलजवळची कापडगिरणी बंद पडून तिथे कलाकेंद्र झालं, तेव्हा चित्रं बघायला फक्त कबुतरं यायची. आता रांग थेट रेवदंड्याच्या रस्त्याला लागली होती. जुन्या मागाशेजारी बसलेले सूतबाबा रोग्याच्या कपाळावरून सूत फिरवून तीर्थात बुडवत. सूत काळंनिळं झालं, की रोग बाहेर आला. पुढच्या खेपेला नाही झालं, की रोग संपला. पोटदुखी, मूळव्याध, सुनेशी न पटणं, सगळ्याला एकच वाटी.

क्रांतीच्या आईचं, गोदूबाईंचं सूत दुसऱ्या खेपेला काळं झालं नाही. त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या परसात पुरल्या. पायाची जखम चिघळत चालली, तरी म्हणायच्या, "सूत कालं न्हाय झालं ना? मंग साखर न्हाय." शिवाय केंद्र शेजारच्या हर्षदचं. लहानपणापासून त्यांच्याच ताटात जेवलेला पोरगा खोटं कसं चालू देईल?

शाळेत विज्ञान शिकवणारी क्रांती रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिने वडेवाल्याकडून आणलेली बटाट्याची फोड वाटीत टाकली. फोड काळीनिळी पडली.

"बाबा, याला काय झालंय?"

बाबांनी डोळे मिटले. "साखर आहे. जुनी. अमावास्येला आणा."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग क्रांतीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तीर्थ म्हणजे आयोडीनचं पाणी. भातात, बटाट्यात, पेजेत असतो तो स्टार्च त्याला लागला की काळानिळा होतो. मागावर चढवायच्या सुताला स्टार्चचीच खळ देतात. बाबा पहिल्यांदा खळीचं सूत घेतात, नंतर धुतलेलं. आजार दोन्ही वेळा जागच्या जागी.

बोलता बोलता तिला आठवलं. हा प्रयोग तिनेच केंद्रातल्या मुलांच्या वर्गात करून दाखवला होता. तेव्हा मागे उभा राहून हर्षद कौतुकाने मोबाईलवर शूटिंग करत होता.

"अगं, हा परफॉर्मन्स आहे," हर्षद तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला. "कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापलंय तसं. खाली, बारीक अक्षरात. तुझे आभारही मानलेत."

रांगेतून गोदूबाई लंगडत पुढे आल्या. हर्षदच्या अंगातल्या कडक कुर्त्याला पेजेची खळ त्यांनीच घातली होती. त्यांनी वाटी उचलून त्याच्या छातीवर ओतली.

"तुजापन रोग बगू दे, बाला."

कुर्ता काळानिळा होत गेला. गोदूबाई बघत राहिल्या. त्यांना हसू आलं नाही.

दवाखान्यात आईच्या जखमेवर पट्टी बांधेपर्यंत क्रांतीने अर्ज लिहिला:

"मा. संचालक यांस. कोणत्याही चमत्कारापुढे हात जोडण्याआधी तो घरी स्वतः करून पाहावा, असा फलक केंद्रात लावण्यात यावा. तसेच आमच्या आईने आपणावर ठेवलेला विश्वास मूळ स्थितीत, पोचपावतीसह, सात दिवसांत परत करण्यात यावा, ही नम्र विनंती."