आईच्या वाटेतलं सामान

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पलंगापासून संडासापर्यंत वॉकरला मोकळी वाट असेल तर आईला उद्या घरी न्या, नसेल तर शुश्रूषा केंद्रात ठेवा. आईने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "तिकडे परक्या बाईच्या हातून पलंगावरच सगळं व्हायचं. त्यापेक्षा मेलेली बरी."

घरी येऊन पॅसेज पाहिला आणि माझं टाळकंच सटकलं. दादाची व्यायामाची सायकल, त्याच्या बुडालेल्या दुकानाची काचेची कपाटं, ताईचा जुना फ्रीज, तिच्या मुलांचा पाळणा. ती मुलं आता दाढी करतात! दोघांचे फ्लॅट मात्र चकाचक, कारण अडगळ सगळी आईच्या आणि माझ्या उरावर. कुठून हात घालावा तेच कळेना. एक खोकं उचललं, ते घेऊन घरभर फिरले आणि ठेवायला जागा नाही म्हणून परत तिथेच आदळलं. शेवटी दोघांना बोलावून घेतलं, आणि टेम्पो घेऊन भंगारवाल्यालाही.

ज्याची वस्तू त्यानेच सांगायचं, ठेवायची की टाकायची. हा दीडशहाणा नियम माझाच. भंगारवाला एकेका वस्तूला हात लावून विचारायचा, "ही कोणाची?"

"माझी. राहू दे," दादा म्हणायचा.

"अय्या, ती नका नेऊ, आठवण आहे," ताई म्हणायची.

तरी टेम्पो भरत होता, म्हणून मीही खूश. मग त्याने शिवणाचं मशीन पुढे ओढलं. "हे कोणाचं?"

दादा मोबाइलमध्ये. ताई म्हणाली, "जाऊ दे ते."

मी खाली जाऊन टेम्पोत डोकावले. आईचं कपाट. तिचं कापड बेतायचं टेबल. तिचं स्टूल. आई दवाखान्यात होती, तिच्या वस्तूंसाठी बोलायला कुणी नव्हतं, आणि नेमक्या त्याच गेल्या होत्या. तिला वाट करून द्यायची म्हणून आम्ही तिलाच घराबाहेर काढत होतो. लाज वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला.

"उतरवा सगळं!" मी ओरडले.

"अगं, आई आता शिवणार आहे का?" दादा.

"आणि तू सायकल चालवणार आहेस? पोटाकडे बघ एकदा!"

"तोंड सांभाळून बोल."

"नाही सांभाळत! आपापलं सामान आत्ताच्या आत्ता घरी न्या, नाहीतर टेम्पो आहेच."

"आमच्याकडे जागा कुठे आहे?" ताई रडकुंडीला आली.

मी फ्रीज दाराकडे ढकलायला घेतला. आईच्या वस्तू तिच्या खोलीत परत ठेवून मग भंगारवाल्यानेही हात लावला. पाळण्यानंतर कपाटं गेली, एक काच जिन्यात फुटली. दादा सायकल खांद्यावर घेऊन, मला शिव्या घालत उतरला. तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

दुसऱ्या दिवशी आई आली. पॅसेज पाहून तिचा चेहरा पडला. "पोरांचं सामान कुठे गेलं? विचारलंस ना त्यांना? किती वाईट वाटलं असेल!"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ती वॉकर टेकत, दम खात संडासापर्यंत गेली. मी मागोमाग गेले, तर वळून माझ्यावरच खेकसली, "आत कुठे येतेस?"

आणि तिने आतून कडी लावून घेतली.