संगतीचं अर्धं तिकीट

"हात ढिला सोड, बाई. मुठीत जीव नको धरू. बोटांत पाणी भरलं आहे असं समज."

साबिराबीचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा अख्खा हात तिच्या तळव्यात मावत होता. अहेरीच्या बाजारात, चिंचेच्या ढिगांच्या आणि वाळल्या मासोळीच्या मधोमध ती आपली पत्र्याची पेटी उघडून बसायची. आवाज जरा घोगरा, पण तूप लावल्यासारखा. तो कानावर पडला की हात आपसूक ढिला पडायचा. ती अंगठ्याखालचं हाड दाबून बघायची, बोटं एकात एक घडी करायची, आणि काचेची बांगडी कधी मनगटावर उतरली ते कळायचंही नाही. रडायला तोंड उघडलेलं पोर आपल्याच हाताकडं बघत राहायचं.

हात भरता भरता ती गायची. गाणं कुणाचं नव्हतं, तिचंच होतं. समोर जी बसली तिच्यासाठी तिथंच जुळवलेलं.

हिरवा गं चुडा, जसा पळसाचा पाला
हात दे गं लेकी, सोयरा दारी आला.

लग्नाचा चुडा भरायचा तर आमच्या भागात साबिराबीच लागायची. नवरीचा हात भरताना बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर सगळं अंगण चूप होतं. फुटली असं कुणी तोंडानं म्हणतही नाही. आया तर दिवसभर तोंडात पाणी घेत नाहीत. म्हणून लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी साबिराबीला विचारायचे. तिच्या हातून नवरीच्या मनगटावर कधी काच वाढली नाही. गोंडाचं घर असो, आम्हा बौद्धांचं असो, तेल्याचं असो, साबिराबी ओसरीवर बसली की घरातल्या बाया निर्धास्त व्हायच्या.

माझी आई, रुखमा, बाजारात तिच्या शेजारी बसून चिंच आणि चारोळी विकायची. साबिराबीचं गुपित तिला कळलं ते एका जांभळ्या बांगडीमुळं.

साबिराबीच्या पेटीत बांगड्यांच्या माळा ठरलेल्या क्रमानं असायच्या. डावीकडं हिरव्या, मग लाल, मग पिवळ्या, शेवटी जांभळ्या. चंद्रपूरचा ठोक व्यापारी तशाच बांधून द्यायचा. एकदा त्यानं माळा उलट बांधल्या. बाजारात एका बाईनं हिरव्या मागितल्या, आणि साबिराबीनं गात गात तिच्या हातात जांभळ्या भरल्या. बाईला वाटलं थट्टा करून राह्यली. ती हसली, साबिराबी तिच्याहून मोठ्यानं हसली, "तुले जांभळं शोभते का पाह्यत होती!" म्हणाली. पण आईनं बघितलं की साबिराबीची बोटं पेटीतल्या माळांवरून घाबऱ्या उंदरासारखी पळत होती.

आईनं काहीच विचारलं नाही. पुढच्या बाजाराला तिनं आपलं चिंचेचं पोतं साबिराबीच्या पेटीला अगदी खेटून मांडलं. गिऱ्हाईक आलं की चिंच निवडता निवडता आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणायची, "हिरवी इकडं सरकली वाटते." किंवा, "ही बाई लाल पाहून राह्यली." साबिराबीचा हात बरोबर तिकडं जायचा. दोघी याबद्दल एकमेकींशी कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. साबिराबीनं सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही. किती बाजार गेले असे. आज आठवलं की वाटतं, एवढं मोठं ओझं एवढ्या हलक्या हातानं उचललेलं मी दुसरीकडं कुठं पाह्यलं नाही.

साबिराबीच्या डोळ्यांतला आतला पडदा वाळत चालला होता. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. याला इलाज नव्हता. तिला उजेड कळायचा, समोर माणूस उभं आहे एवढं कळायचं. चालताना ती बोलत राहायची, आणि ज्याच्याशी बोलते त्याच्या आवाजाच्या मागं चालायची. लोकांना वाटायचं, काय गोड बाई आहे, सोबतीशिवाय पाऊल टाकत नाही.

पण जंगलातल्या गावांचे बाजार दूर. एसटीनं जावं लागायचं, आणि आता आईवाचून जाता येत नव्हतं. दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं एका पेटीतून निघत नव्हतं. एकेक गाव सुटत चाललं. आधी भामरागडच्या वाटेवरची गावं सुटली, मग एटापल्लीकडची. आणखी एखादं वर्ष असं गेलं असतं तर पेटीच बंद झाली असती.

वाट दाखवली ती लटारूभाऊ कंडक्टरनं. आलापल्लीला एक आंधळा म्हातारा पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरला, तेव्हा तिकिटांचा डबा बगलेत मारत लटारूभाऊ सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाह्यला का हा बाबा? याले तिकिटात मोठी सूट, अन् संगतीच्या माणसाले अर्धं तिकीट. डॉक्टरचा एक कागद झाला का त्याच्यामागं निराधारचे पैसे, पांढरी काठी, सगळं येते. लोकाले माहीतच नाई बापा! सोमवारी अहेरीले शिबीर आहे. गावात कोणाले लागत असन तर सांगा."

साबिराबी उतरेपर्यंत पेटीच्या कडीवरून अंगठा फिरवत होती. उतरल्यावर म्हणाली, "रुखमा, तुहा गुडघा लय दुखते ना? सोमवारी दाखवून घे. मी येईन संगतीले."

आईचा गुडघा ठणठणीत होता. "हो वो," आई म्हणाली. "लय दुखते."

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात माणसं मावत नव्हती. कुबड्या, खांद्यावर बसून आलेली पोरं, हातात हात धरलेल्या म्हाताऱ्या. सगळे बाजारहाटाचे कपडे घालून आलेले. डोळ्यांची रांग वेगळी होती. त्या रांगेत चष्मा मागायला आलेलेही होते, कागद मागायला आलेलेही. पुढं भिंतीवर एक तक्ता टांगला होता. अक्षर न येणाऱ्यांसाठी त्यावर तीन फाट्यांच्या खुणा होत्या, वरून खाली बारीक होत गेलेल्या. एक मदतनीस छडीनं खूण दाखवायचा आणि विचारायचा, फाटे कुणीकडं? ज्याला दिसत नसेल त्याला आत डॉक्टरांकडं पाठवायचा.

मी, आई आणि साबिराबी रांगेत उभ्या होतो. आमच्या पुढं दादाजी, जंगल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना दूरचं सगळं दिसायचं, पेपर तेवढा वाचता यायचा नाही. ते हाकाऱ्यासारखे ओरडत होते, "वर! उजवीकडं! खाली! खाली! डावीकडं!" मदतनीस म्हणत होता, "बरोबर. बरोबर."

"दादाजी, वाघाले बोलावता का?" मागून कुणी म्हणालं. रांग हसली.

हसणाऱ्यांत सुकरीबाई होती. तिचा हात सायकलवरून पडून वाकडा झालेला, म्हणून हाडांच्या रांगेत उभी होती, सोबत तिची लेक. लेकीचं लग्न शुक्रवारी. "साबिराबी!" तिनं लांबूनच हाक मारली. "इथी काय करून राह्यली वो? शुक्रवारी चुडा भराले ये हं. मोठीचा तूच भरला होता, इचाबी तूच भरशीन."

"येईन ना बाई," साबिराबी आवाजाकडं तोंड करून म्हणाली. तिनं आईचं मनगट धरलं होतं. ते तिनं सोडलं.

तिचा नंबर आला. छडीनं तक्त्यावर टक् केलं. "बाई, फाटे कुणीकडं?"

सगळा व्हरांडा ऐकत होता. सुकरीबाई ऐकत होती. साबिराबीनं मान ताठ केली आणि म्हणाली, "वर."

टक्. "उजवीकडं." टक्. "खाली." टक्. "खाली." टक्. "डावीकडं." बारीक ओळीपर्यंत एक खूण चुकली नाही. दादाजींनी जे एकदा म्हटलं ते तिच्या कानात जसंच्या तसं बसलं होतं. ज्या कानांत शंभर घरच्या नवरींची गाणी राह्यली, त्यांना हे काय जड!

"नजर चांगली आहे, बाई," मदतनीस खूश होऊन म्हणाला. "चष्माबी नाई लागत. चला, पुढचा."

सुकरीबाईनं वाकडा हात तसाच उचलून टाळी वाजवायचा आव आणला. "आमच्या बांगडीवालीची नजर खराब कशी राहीन!"

आईनं साबिराबीला ओढतच नळापाशी नेलं. "काऊन वो? परीक्षा देत होती का? पहिला नंबर आला तुहा! आता बस घरी."

साबिराबीला हसू आलं. "मी नाई म्हटलं, रुखमा. तोंडानंच म्हटलं. याले सवयच तशी लागली."

किती तरी बाजार न बोललेली गोष्ट दोघींच्या मधे अशी उघडी पडली. आईनं आवाज उतरवला. "ऐक. मी त्या पोराले सांगते का तक्ता उलटा टांग. पुन्हा बोलाव म्हणते. तू तेच पाठ केलेलं म्हण, सगळं चुकन. तुले काई सांगायचं कामच नाई पडत. जे आहे ते तक्ताच सांगीन. तू गुमान डॉक्टरकडं जाय. सुकरीबाईले वाटन चष्म्यासाठी गेली."

आई निघाली. साबिराबीनं तिचा पदर धरला.

"थांब."

"काऊन?"

"तक्ता काऊन सांगीन माहं? अन् उद्या गाडीत लटारूभाऊ अर्धं तिकीट फाडन तेव्हा? सुकरीबाईच्या गावचे बसले राहीन ना तिथी. तवा सुकरीबाई म्हणन, साबिराबीनं लपवून माह्या लेकीचा हात भरला."

एवढ्यात सुकरीबाईच लेकीला घेऊन आली. "साबिराबी, भेटलीच आहेस तर माप पाहून घे. मागच्या वर्षीच्या इले होत नाई."

पोरीनं हात पुढं केला. साबिराबीनं तो दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याखालचं हाड दाबलं, मनगटावरून बोट फिरवलं, आणि थांबली. "इथी भाजली का वो पोरी? कातडं नवं आहे. अजून ओढते ना?"

पोर चमकली. बाहीखालचा डाग तिनं आईलाही नीट दाखवला नव्हता. "चुलीवर," ती हळूच म्हणाली.

"मग एक माप मोठं घेऊ. वरून पट्टी गुंडाळून चढवू. काच टेकणारबी नाई."

सुकरीबाई लेकीचा हात उलटासुलटा करून बघायला लागली. "मले तर दिसलंच नाई हे! पाह्य, रुखमा, काय नजर आहे या बाईची!"

साबिराबीनं पोरीचा हात सोडला नाही. वरून आपला दुसरा हात ठेवला, जशी ती चुडा भरून झाल्यावर ठेवायची. मागं रांगेत छडीचं टक् टक् चालूच होतं. तिचा घोगरा आवाज त्याच्यावरून, व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा निघाला.

"नजर नाई, सुकरीबाई. मले दिसत नाई. तुह्या मोठीचा चुडा भरला तवाबी दिसत नव्हतं. मी आता आत जाऊन डॉक्टरले हेच सांगणार आहे. शुक्रवारी येऊ का नको, ते तू सांग."