पांढरी मिशी

ऋतुराजच्या घरात पांढऱ्या मिशीचा माणूस कधी कुणी बघितलाच नव्हता. शाहूपुरीत त्याचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. तिथं खुर्चीच्या मागच्या भिंतीवर दोन फोटो, एक आजोबांचा, एक वडिलांचा. दोघांच्या मिशा काळ्याभोर, माना ताठ आणि दोघांना हार. आजोबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी छाती धरून बांधावर बसले ते उठलेच नाहीत. वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी याच दुकानात, गिऱ्हाइकाच्या हातात बेअरिंग देता देता गेले. तेव्हा ऋतुराज बावीस वर्षांचा होता. दिवस घालून झाल्यावर तो त्याच खुर्चीत येऊन बसला, तो अजून बसलेला होता.

आता त्याला सेहेचाळिसावं चालू होतं. हा आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ होता आणि कुणी तो तोंडातून काढत नव्हतं. ऋतुराज मात्र त्याची टर उडवायचा. "आमच्यात पन्नाशीच्या केकचा खर्चच न्हाय बघा," असं मित्रांना म्हणायचा आणि पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी मागवायचा. मित्र हसायचे. ही चेष्टा कानावर आली की बायको वर्षाराणी उठून आत जायची.

दोन महिन्यांपूर्वी तीन जिने चढताना त्याच्या छातीत आवळून आलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती दोनदा वाचली आणि सांगितलं, हृदयाच्या नळ्यांची तपासणी आठ दिवसांत करून घ्या. आठाचे साठ दिवस झाले. वर्षाराणीनं समजावलं, भांडून बघितलं, चार दिवस अबोला धरला. दहावीतल्या राजनंदिनीनं बाबांच्या फोनमध्ये रोजचा गजर लावून दिला, तो त्यानं बंद केला. खरं सांगायचं तर गडी घाबरला होता. एरवी गिऱ्हाइकाशी आवाज चढवून बोलणारा हा माणूस दवाखान्याचं नाव काढलं की लहान पोरासारखा विषय बदलायचा. रक्तातच लिहिलेलं आहे, ते पैसे देऊन वाचून कशाला घ्यायचं, असा त्याचा हिशेब. मग तंबाखूची चिमूट, रात्री बारापर्यंत फोन आणि सकाळी दहा पावलांवरच्या चहाच्या गाड्यावर गाडीवरून जाणं, हे सगळं कसं बिनघोर चाललेलं.

दिवाळी उलटली आणि शाहूवाडीकडचा ज्ञानू नावाचा शेतकरी पंपाचा वॉशर घ्यायला दुकानात आला. वॉशर राहिला बाजूला, तो ऋतुराजच्या तोंडाकडंच बघत उभा.

"मालक, राग धरू नका, पन तुमी आमच्या आकारामतात्याचं कोन?"

"कोण आकारामतात्या?"

"आमच्या वाडीतलं. ही भिवई, ह्ये कान, ही हनुवटी, सगळं त्येंचंच की! फकस्त तात्याची मिशी पांढरीफेक हाय."

"वय काय त्यांचं?" ऋतुराजनं सहज विचारलं.

"एक्क्याण्णव. आज मी एस्टीला निघालो तवा डोंगरावरनं फिरून खाली येत हुतं."

ऋतुराज वॉशरचे पैसे घ्यायचे विसरला, यावरून काय ते समजा.

त्या रात्री जेवताना त्यानं आईला विचारलं. शालूबाईचा हात ताटावरच थांबला.

"आकाराम? जिवंत हाईत व्हय अजून?" ती म्हणाली. "तुझ्या आज्याचं पाठचं भाऊ ते. सा वर्साचं असताना मामाला दत्तक दिलं. मामाला मूल नव्हतं. पुढं कुनाच्यातरी लग्नात तुझ्या आज्यानं सगळ्या पावण्यांस्नी फेटा बांधला आनि ह्येंस्नी बांधायचा ऱ्हायला. तवापास्नं दोघं भाऊ एकमेकाचं तोंड बघायचं न्हाय म्हनून बसलं."

"मग मला आजवर सांगितलं का नाहीस?"

"तू कवा इचारलंस?" शालूबाई म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली.

एका फेट्यापायी पन्नास-पंचावन्न वर्षं! पण कोल्हापूरकडच्या माणसाला याचं नवल वाटत नाही. आमच्याकडं मानपान चुकला की माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो आणि तीन पिढ्या परत बसत नाही. ऋतुराजला त्या रात्री झोप लागली नाही, ती फेट्यामुळं नव्हे. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रक्त तेच, आई तीच, बाप तोच, आणि वय एक्क्याण्णव.

सोमवारी दुकान बंद ठेवून तो एकटाच गाडी घेऊन निघाला. मलकापूर मागं पडलं, रस्ता चढाला लागला. दोन्हीकडं भाताची कापणी चाललेली, खळ्याखळ्यांवर झोडणीचा आवाज. ज्ञानूच्या वाडीत गाडी जाईना म्हणून खाली लावली आणि शेवटचा चढ तो पायी गेला. दोनदा थांबावं लागलं.

तात्या अंगणात उकिडवा बसून दोरीला पीळ घालत होता. पाहुणा दिसताच तो उठला. हात जमिनीला नाही, गुडघ्याला नाही, भिंतीला नाही. पाण्यातून बुडबुडा वर यावा तसा सरळ उठला. आणि समोर आलं ते ऋतुराजचं स्वतःचं तोंड.

आपलं तोंड म्हातारं झालं तर कसं दिसेल, याचा त्यानं जन्मात विचार केला नव्हता. करणार कशाला? त्याच्या घरात ते तोंड कधी म्हातारं झालंच नव्हतं. आजोबा जगले असते तर असे दिसले असते. वडिलांचे गाल असे आत गेले असते, भिवया अशा पांढऱ्या होऊन डोळ्यांवर आल्या असत्या. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या हसण्याच्या होत्या, हे लांबूनही कळत होतं. किती देखणा म्हातारा होता! बघता बघता आपण कोण, हे सांगायचंच ऋतुराजकडून राहून गेलं.

"दादाचा नातू तू," म्हातारा म्हणाला. "बस. पानी पी. मग चालाय जाऊ. माझी येळ झाली."

"तात्या, मी आत्ताच चढून आलोय."

"त्ये वर यायला चढलास. आता चालाय जायचं."

वरच्या शेताकडं जाणारी पाऊलवाट होती. म्हातारा पुढं, ऋतुराज मागं. म्हाताऱ्याला घाई म्हणून नव्हती, पण तो थांबतही नव्हता. एक पाऊल टाकलं की दुसरं, मग तिसरं, वाटेत दगड आला की त्याला वळसा. ऋतुराज करवंदीच्या जाळीपाशी बसला, नंतर आंब्याखाली बसला, शेवटी वाटेतच बसला. वर पोचेपर्यंत म्हाताऱ्यानं शेताला फेरी मारून घेतली होती.

"रोज येता?"

"रोज."

"पाऊस असला तर?"

"इरलं हाय की."

उतरताना तो वाडीतल्या प्रत्येक दारात थांबला. बायडाबाई म्हणून एकटी राहणारी म्हातारी होती, तिच्या उंबऱ्यावर बसून तिच्या शेळीची चौकशी केली. एका पोराला अभ्यासावरून दम दिला. पुढं ज्ञानूच्या घरातून वॉशर बसल्याची बातमी घेतली. चार घरांत चार वेळा हसला. ऋतुराजच्या मनात आलं, आपल्या शेजारच्या दुकानदाराशी आपण गेल्या वर्षी पार्किंगवरून भांडलो, तेवढंच शेवटचं बोललो.

जेवायला तात्याची सून बाळाबाईनं नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, मुळ्याचा पाला आणि ताक वाढलं. ऋतुराजचं ताट रिकामं झालं तेव्हा म्हाताऱ्याची पहिली भाकरी निम्मी होती.

"ह्येंचं असंच," बाळाबाई म्हणाली. "सगळी हात धुवून उठत्यात, ह्ये अजून पयला घास चावत्यात. दुसरी भाकरी वाढाय गेलं की हात आडवा. मी आलेपास्नं बघतोय, पस्तीस वर्सं झाली असतील."

"मटण खात नाही काय?"

"खातो की!" म्हातारा दचकून म्हणाला. "म्हाईच्या जत्रंला खातो. दोन फोडी. तिसरी फोड कशी लागती ती मला ठावं हाय, म्हनून खात न्हाय."

जेवणानंतर म्हाताऱ्यानं कोनाड्यातली डबी काढून एक छोटी गोळी पाण्याबरोबर घेतली. रक्तदाबाची, सरकारी दवाखान्यातली. ऋतुराजला जरा चुकल्यासारखंच झालं. त्याला वाटलं होतं, डोंगरातलं एखादं मूळ असेल, एखादा पाला असेल. त्यानं सरळच विचारलं.

"तात्या, तुम्ही ह्यातनं सुटला कसं? आमच्याकडं एकही पन्नाशीला पोचला नाही. तुमचं काळीज तेवढं निराळं कसं?"

म्हाताऱ्यानं डबी कोनाड्यात परत ठेवली.

"निराळं? कोन म्हनलं निराळं? त्रेचाळिसाव्या वर्साला हितंच खळ्यावर पडलो मी. छातीवर रेडा बसल्यागत झालं. बैलगाडीतनं मलकापूर, तितनं मिरजेला नेलं. डॉक्टर म्हनला, काळीज अधू हाय तुझं. बिडी-तंबाखू आजपास्नं बंद. दारूला शिवू नगंस. मीठ हात आखडून. चार घास कमी खा, रोज चाल, लवकर नीज, आनि बोलावलं की तपासाय येत जा. मी घाबरलो हुतो. म्हनून सांगितलं त्ये केलं."

"एवढंच?"

"एवढंच. रोज केलं."

अठ्ठेचाळीस वर्षं. ऋतुराजनं मनाशी आकडा मांडायला घेतला आणि सोडून दिला. लग्नकार्यात, जत्रेत, सुगीच्या कामात, बायको वारली त्या दिवशी, महापुरानं रस्ते तुटले त्या साली, हा माणूस उठला, चालला, निम्म्या भुकेवर उठला आणि दिवेलागणीनंतर तासाभरात झोपला. त्याच अधू काळजावर! काळीज तेच होतं. जे आजोबांना पुरलं नाही, वडिलांना पुरलं नाही आणि आपल्याला पुरणार नाही म्हणून आपण चेष्टा करत बसलो, तेच. मोठमोठे पैलवान बघितलेल्या त्या कोल्हापूरकराला समोरचा किडकिडीत म्हातारा डोंगराएवढा वाटला. त्यानं वाकून तात्याच्या पायावर डोकं ठेवलं.

म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले.

"नगं. माझ्या पाया पडू नगंस." त्याचा आवाज फुटला. "त्यो डॉक्टर आनि एक बोलला हुता. म्हनला, ह्ये घरान्यात असतंय, भाऊ असला तर त्येला सांग, तपासून घ्याय लाव. मलकापुरातनं कोल्हापूरची एस्टी दोन तासाची, पोरा. दोन तासाची! मी म्हनलं, त्यो फेटा बांधाय इसरला, त्यो येऊ दे आदी. दोन वर्सांनी त्येचाच सांगावा आला, दादा गेला म्हनून. तुझ्या बापाच्या येळंला कळलं तवा आनि लाज वाटली, कुठल्या तोंडानं जाऊ? माझं मी जगलो. ज्येला सांगायचं त्येला सांगितलं न्हाय."

म्हातारा तोंड झाकून रडला. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस रडताना ऋतुराजनं कधी बघितला नव्हता. जे खरं होतं ते तो बोलला. डॉक्टरांनी तपासणी सांगितलीय, दोन महिने झाले, भीती वाटते म्हणून गेलो नाही.

म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "कवा जायचं?"

"बघतो की, एखाद्या..."

"बघतो न्हाय. वार सांग."

"गुरुवार," ऋतुराज म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

गुरुवारी सकाळी वर्षाराणी आणि ऋतुराज दवाखान्याच्या दारात पोचले, तर पायरीशेजारी पिशवी घेऊन तात्या उभा. सोमवारी ऋतुराजकडून दवाखान्याचं नाव विचारून ठेवलं होतं, त्यावर पहिल्या एस्टीनं आला होता आणि स्टँडपासून चालत आला होता. वर्षाराणीनं त्याच्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, पुन्हा त्याच्याकडं बघितलं आणि भर रस्त्यात पदर डोक्यावर घेऊन त्याच्या पाया पडली. या वेळी म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले नाहीत.

आत शिवानी नावाची नर्स चाकाची खुर्ची घेऊन लगबगीनं पुढं आली. "आजोबांना बसवा यात. हळू, हळू."

"मी न्हाय बाई," तात्या म्हणाला. "ह्येला बसवा. पेशंट ह्यो हाय."

शिवानी ओशाळून हसली. ऋतुराज निमूटपणे खुर्चीत बसला. फॉर्म भरताना तिनं विचारलं, "नातेवाइकाची सही कोण करणार?" वर्षाराणीनं पेन घेतलं, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "पोरी, तुझी तर कर, पन माझीबी एक घ्याय सांग. दादाच्या येळंला ऱ्हायलीया." शिवानीनं कागद पुढं केला. त्यानं एकेक अक्षर सावकाश काढलं, घास चावत असल्यासारखं. वयाच्या रकान्यात एक्क्याण्णव लिहिलेलं बघून तिनं तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

खुर्ची आतल्या दाराकडं निघाली. ऋतुराजनं मान वळवून बघितलं. म्हातारा बाकावर ताठ बसला होता, पावलं फरशीवर टेकवून.

"तात्या, वेळ लागेल म्हणतात. वर्षाबरोबर घरी जाऊन जरा पडा."

"तू जा निवांत," तात्या म्हणाला. "मला न्हाय कुठं जायचं एवढ्यात."